आलाकॉक : एका आडनावाची साडेतीनशे वर्षे

आपल्याकडचा पोपट 'विठू विठू' म्हणतो. ज्या घरात वाढतो त्या घरची भाषा त्याच्या तोंडी बसते, म्हणून पोपटावरून घर ओळखता येते. फ्रान्समध्ये १७३४ साली झां-बातिस्त ग्रेसे या तरुण कवीने याच गोष्टीवर एक विनोदी दीर्घकविता लिहिली. कवितेचे आणि तिच्यातल्या पोपटाचे नाव एकच : 'व्हेर-व्हेर'. हा पोपट नेव्हेर गावातल्या व्हिजिटेशन संघाच्या मठात नन्सच्या लाडात वाढलेला. जेवणाआधीची प्रार्थना त्याला येते, नाताळची गाणी येतात, 'माताजी', 'भगिनी' ही मठातली संबोधने तो अचूक वापरतो. आणि मारी आलाकॉक हिची काही निवडक वचनेही त्याला पाठ आहेत, असे कवी जाता जाता सांगतो. पुढे या विद्वान पोपटाला नांतच्या मठातल्या भगिनींनी पाहायला मागवले, तो ल्वार नदीतून नावेने निघाला आणि वाटेत नावाड्यांच्या व शिपायांच्या शिव्या शिकून पोहोचला. उरलेली गंमत वाचकाने ओळखावी.

मला त्या पोपटापेक्षा त्याच्या पाठांतरातल्या नावात रस आहे. मारी आलाकॉक कोण, हे ग्रेसे सांगत नाही. सांगण्याची गरजच नव्हती. १७३४ साली पॅरिसच्या कोणत्याही बैठकीत हे नाव नुसते उच्चारले तरी लोक हसत. ज्या बाईचे हे नाव, ती मरून तेव्हा चव्वेचाळीस वर्षे झाली होती. तिने हयातभर लोकांसमोर एक शब्द काढला नव्हता, आणि आपले नाव कुणाला कळू नये याची पराकाष्ठा केली होती.

हसण्याचे पहिले कारण साधे आहे. फ्रेंचमध्ये 'आ ला कॉक' म्हणजे कवचासकट थोडा वेळ उकडून, वरचे टोक फोडून चमच्याने खायचे मऊ अंडे. उच्चारात आणि आडनावात फरक नाही. आडनाव विरळ, बर्गंडीच्या एका कोपऱ्यातले. त्यामुळे बहुतेकांनी ते पहिल्यांदा ऐकले ते याच बाईच्या संदर्भात, आणि ऐकताच त्यांना न्याहारी आठवली. आपल्याकडे दहीभाते, ताकवले, तुपे अशी आडनावे आहेत. त्यांची पहिल्या दिवशी वर्गात थोडी गंमत होते, मग सवय होते. पण समजा यातले एखादे आडनाव अचानक एका साक्षात्काराशी, एका नव्या उपासनेशी आणि देशातल्या सर्वांत कडवट धर्मवादाशी जोडले गेले, तर विरोधकांच्या हाती केवढे कोलीत मिळेल!

आलाकॉकच्या बाबतीत हेच झाले. पण गोष्ट नुसत्या कोटीवर थांबत नाही. पुढची साडेतीनशे वर्षे हे नाव कोण कसे घेतो, यावरून तो कुठल्या बाजूला उभा आहे हे कळत राहिले. भाविक तिला मार्गरीत-मारी म्हणत, टवाळ मारी आलाकॉक म्हणत.

मार्गरीतचा जन्म २२ जुलै १६४७ रोजी बर्गंडीतल्या वेरोव्र या खेड्यात झाला. वडील क्लोद आलाकॉक हे राजाच्या सनदेचे नोटरी. म्हणजे गावातले खरेदीखते, मृत्युपत्रे, हुंड्याचे करार लिहिणारे मान्यवर गृहस्थ. कागदावर नाव घालणे हाच त्यांचा धंदा. ती आठ वर्षांची असताना ते वारले आणि घर नातेवाइकांच्या ताब्यात गेले. पुढे लिहिलेल्या आत्मकथनात तिने या दिवसांचे जे वर्णन केले आहे ते मराठी वाचकाला अनोळखी वाटणार नाही. घरातल्या सगळ्या कुलपांच्या किल्ल्या दुसऱ्यांच्या हाती, आई आपल्याच घरात आश्रितासारखी, आणि चर्चला जाण्यापुरते धड वस्त्रही मागून आणायचे. त्यातच ती आजारी पडली. सुमारे चार वर्षे तिला चालता येत नव्हते. नन होईन असा नवस मरियेला बोलल्यावर आपण बरे झालो, असे ती सांगते. आईची इच्छा मुलीने लग्न करावे अशी होती. १६७१ साली, चोविसाव्या वर्षी, तिने पारे-ल-मोनियाल या गावातल्या व्हिजिटेशन मठात प्रवेश केला. त्याआधी दृढीकरणाच्या संस्काराच्या वेळी तिने 'मारी' हे नाव आपल्या नावाला जोडून घेतले होते.

व्हिजिटेशन हा संघ फ्रान्स्वा द साल आणि जान द शांताल यांनी १६१० साली स्थापलेला. अंगावर आसूड ओढणाऱ्या कठोर व्रतांपेक्षा नम्रता, गोडवा आणि नेमून दिलेले काम यांवर त्याचा भर. या संघात भगिनींची घराण्याची नावे पुसली जात नसत. तिच्या मठप्रमुखांना आपण आजही मेर द सोमेझ, मेर ग्रेफिए अशा आडनावांनीच ओळखतो. म्हणजे मठात आलाकॉक या नावात हसण्यासारखे काही नव्हते. बाजूच्या गावातल्या नोटरीची मुलगी, एवढाच त्याचा अर्थ.

डिसेंबर १६७३ ते जून १६७५ या काळात तिला जे दर्शन झाले त्याचा गाभा असा : येशूने आपले हृदय तिला दाखवले, ज्वाळांनी वेढलेले, काट्यांचा मुगुट भोवती असलेले, मनुष्याच्या प्रेमासाठी ते जळते आहे आणि बदल्यात त्याला उपेक्षाच मिळते असे सांगितले, आणि या हृदयाच्या सन्मानार्थ एक सण सुरू करावा अशी मागणी केली. ही कल्पना आभाळातून पडली नव्हती. तेराव्या शतकात जर्मनीतल्या गेर्ट्रूड या संत स्त्रीने येशूच्या हृदयाविषयी लिहिले होते, आणि फ्रान्समध्येच झां युड या धर्मगुरूंनी १६७२ साली हृदयाचा सण साजरा केला होता. पारेच्या मठात मात्र कुणाला हे पटेना. काही भगिनींना तर तिला भूतबाधा झाली असे वाटून त्यांनी तिच्यावर पवित्र पाणी शिंपडले. विश्वास ठेवला तो १६७५ च्या सुरुवातीला गावात आलेल्या क्लोद ला कोलोंबिएर या जेझुइट धर्मगुरूंनी. दीडेक वर्षात त्यांची बदली लंडनला झाली. तिथे कॅथलिकविरोधी उन्मादात ते पकडले गेले, हद्दपार झाले आणि १६८२ साली पारेमध्येच क्षयाने वारले.

यानंतरचा एक प्रसंग मला या सगळ्या चरित्रातला सर्वांत जिवंत वाटतो. ला कोलोंबिएर यांची खासगी टिपणे १६८४ साली लियोंमध्ये छापली गेली. त्यांत एका व्यक्तीला झालेल्या दर्शनाची हकीकत होती. व्यक्तीचे नाव नव्हते. व्हिजिटेशन मठांत जेवताना एक भगिनी पुस्तक वाचून दाखवते आणि बाकीच्या मूकपणे जेवतात. पारेमध्ये हेच पुस्तक वाचायला आले. वाचणारी त्या पानावर पोहोचली आणि ऐकणाऱ्यांना उमगले की ही 'व्यक्ती' आपल्याच पंगतीत खाली मान घालून बसली आहे. म्हणजे तिची कीर्ती सुरू झाली ती नाव गाळलेल्या एका परिच्छेदातून.

इथे थोडे थांबून आपल्याकडे पाहू. आलाकॉक पारेमध्ये होती त्याच काळात आपल्याकडे तुकोबांच्या शिष्या बहिणाबाई आपले आत्मनिवेदन अभंगांतून मांडत होत्या. दोघींनाही आजार, घरच्यांचा अविश्वास, दर्शन आणि मग ते शब्दांत उतरवण्याची धडपड यांतून जावे लागले. बहिणाबाईंचे आडनाव पाठक, हे अभ्यासकाला ठाऊक असते, वारकऱ्याला त्याची गरज पडत नाही. जनाबाई तर स्वतःला 'नामयाची जनी' म्हणते आणि त्यापलीकडे तिला कुणी विचारत नाही. संताचे आडनाव आपल्याकडे इतिहासकार घेतो. 'तुकाराम बोल्होबा आंबिले' असे कुणी म्हटले की कीर्तन संपून जणू दप्तर उघडते. आलाकॉकच्या बाबतीत आडनावाने हेच काम केले; फक्त दप्तर उघडणारे इतिहासकार नव्हते, विरोधी पक्षाचे वकील होते.

तिचा मृत्यू १७ ऑक्टोबर १६९० रोजी झाला. पुढच्याच वर्षी झां क्र्वाझे या जेझुइटांनी हृदयभक्तीवरच्या आपल्या पुस्तकाला तिचे लहानसे चरित्र जोडले. १७०४ साली रोमने ते पुस्तक निषिद्ध ग्रंथांच्या यादीत घातले. म्हणजे पहिला नकार नास्तिकांचा नव्हता, खुद्द चर्चचा होता. आणि नाव खरे बाजारात आले ते १७२९ साली, लांगे द जेर्जी या बिशपांनी लिहिलेल्या मोठ्या चरित्रामुळे. लांगे फ्रेंच अकादमीचे सदस्य, जान्सेनपंथीयांचे कट्टर वैरी. त्यांनी तिच्या दर्शनांतले प्रेमसंवाद, हृदयांची अदलाबदल, आजार आणि आत्मक्लेश सगळे काही न गाळता मांडले. हेतू भक्तीचा होता, परिणाम उलटा झाला. पॅरिसने ते पुस्तक विनोदासाठी वाचले. व्होल्तेरने लांगेंची त्यावरून टर उडवली. ज्या जान्सेनपंथीयांना देवाच्या कृपेविषयीची आपली कठोर, गंभीर श्रद्धा प्रिय होती, त्यांनी हृदयभक्तांना 'कोर्दिकोल' म्हणजे हृदयपूजक, आणि 'आलाकॉकिस्त' अशी नावे ठेवली. एका अज्ञात ननचे आडनाव पंथाचे नाव झाले, तेही शिवी म्हणून.

ग्रेसेचा पोपट या वातावरणातला आहे. गंमत म्हणजे ग्रेसे स्वतः तेव्हा जेझुइट होता, आणि या भक्तीचा प्रसार करणारेही जेझुइटच. पुढच्याच वर्षी त्याला संघाबाहेर पडावे लागले. त्याच्या विनोदात मात्र विष नाही. ज्या संघात आलाकॉक होती त्याच संघाच्या मठातला पोपट तिची वचने घोकतो, यात भगिनींच्या निरागसपणाचे थोडे कौतुकही आहे. पण 'मार्गरीत' हा अर्धा भाग त्यानेही गाळला. 'मारी आलाकॉक' हे लहान, तालात बसणारे रूप रूढ झाले आणि विरोधकांच्या लेखनात ते दीडशे वर्षे टिकले.

दरम्यान रोममध्ये एक वेगळाच वाद झाला, आणि तो टवाळीपेक्षा जास्त मोलाचा आहे. हृदयाच्या सणाला मान्यता मिळावी म्हणून गालिफे या जेझुइटांनी १७२६ साली लॅटिन ग्रंथ लिहिला. तिच्या आत्मकथनाला छापील वाट मिळाली तीही याच प्रयत्नांतून. गालिफेंचा एक मुद्दा असा की हृदय हे प्रेमादी भावनांचे स्थान आहे. विरुद्ध बाजू मांडण्याचे काम प्रोस्पेरो लांबेर्तिनी यांच्याकडे होते. हेच पुढे चौदावे बेनेडिक्ट म्हणून पोप झाले. त्यांनी विचारले की आधुनिक तत्त्वज्ञ भावनांचे स्थान मेंदूत मानतात. मग चर्चने एका अनिश्चित शरीरशास्त्रीय मतावर सण का उभारावा? मागणी फेटाळली गेली. लांबेर्तिनींच्या या प्रश्नाबद्दल मला आदर वाटतो. त्यांनी बाईच्या आडनावाला हात न लावता तिच्या कल्पनेला हात घातला.

पण भक्ती नावावाचून पसरत होती. १७६५ साली पोलंडसाठी सणाला परवानगी मिळाली. पोर्तुगालच्या राणी पहिल्या मारिया यांनी लिस्बनमध्ये पवित्र हृदयाला अर्पण केलेले एश्त्रेला हे भव्य मंदिर बांधले. ते १७९० साली पूर्ण झाले. १७९३ साली वाँदे प्रांतातले शेतकरी क्रांतिसरकारविरुद्ध उठले तेव्हा त्यांच्या छातीवर कापडी हृदय शिवलेले होते. यांतल्या कुणालाही वेरोव्रच्या नोटरीचे आडनाव घेण्याची गरज नव्हती.

एकोणिसाव्या शतकात ते पुन्हा जोरात घेतले गेले. १८२४ साली रोमने तिच्या संतपदाच्या वाटेवरची पहिली पायरी जाहीर केली, तशी दुसरी बाजूही जागी झाली. इतिहासकार मिश्ले याने १८४५ साली धर्मगुरू, स्त्री आणि कुटुंब यांच्यावरच्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात मारी आलाकॉकवर लिहिले. तिच्या रक्ताळ, धष्टपुष्ट प्रकृतीवर, वारंवार रक्त काढावे लागण्यावर त्याने भर दिला, म्हणजे साक्षात्काराचा खुलासा शरीरात शोधला. त्याचे दुसरे निरीक्षण अधिक खोल आहे : या भक्तीचे सगळे यश 'हृदय' या शब्दाच्या संदिग्धतेत आहे, कारण तो शब्द मांसाचा गोळाही आहे आणि प्रेमही. मिश्ले अन्यायी आहे, पण वाचनीय आहे. रुग्णाची फाइल वाचावी तसा तो एका बाईचा जीव वाचतो. आणि त्याच वेळी, तिच्या विरोधकांपैकी दुसऱ्या कुणी केले नाही ते करतो, म्हणजे तिची कल्पना लोकांना का भिडली हे विचारतो.

१८६४ साली नवव्या पायसने तिला 'धन्य' घोषित केले. सहा वर्षांनी फ्रान्स प्रशियाकडून हरला, मग १८७१ मध्ये पॅरिसमध्ये कम्यून उभी राहिली आणि रक्तात बुडाली. पराभव हे पापाचे प्रायश्चित्त आहे असे मानणाऱ्या कॅथलिकांनी मोंमार्त्रच्या टेकडीवर पवित्र हृदयाचे मंदिर बांधायचे ठरवले. कम्यूनची पहिली ठिणगी पडली तीच ही टेकडी. राष्ट्रसभेने १८७३ साली त्यासाठी कायदा केला, १६ जून १८७५ रोजी पायाभरणी झाली, १९१९ मध्ये अभिषेक झाला. आज पर्यटक ज्या पांढऱ्या घुमटासमोर सेल्फी काढतात तो असा भांडणातून उभा राहिला आहे. राजाने आपल्या ध्वजावर हृदय रेखावे अशी मागणी आलाकॉकने १६८९ च्या पत्रांत लिहिली होती. ती पत्रे आता राजसत्तावाद्यांना भविष्यवाणी वाटू लागली आणि प्रजासत्ताकवाद्यांना कट. पारेला यात्रेकरूंच्या झुंडी जाऊ लागल्या. 'मारी आलाकॉक' या शब्दांत आता अंड्याचा वास कमी आणि राजकारणाचा जास्त होता.

इथून नाव फ्रान्सबाहेर पडले, आणि एक विलक्षण गोष्ट घडली. इंग्रजीत 'आ ला कॉक'चा न्याहारीशी काही संबंध नव्हता. त्यामुळे आयर्लंडच्या कॅथलिक घरांत 'ब्लेसेड मार्गरेट मेरी आलाकॉक' हे पूर्ण नाव, आडनावासकट, भक्तिभावाने घेतले जाऊ लागले. जे फ्रान्समध्ये अशक्य होते ते डब्लिनमध्ये सहज झाले. आयरिश बिशपांनी १८७३ मध्ये देश पवित्र हृदयाला अर्पण केला. १८८८ साली जेझुइट जेम्स कलन यांनी या भक्तीचे मासिक काढले, आणि दहा वर्षांनी सुरू केलेल्या त्यांच्या दारूबंदी चळवळीच्या बिल्ल्यावरही हेच हृदय होते.

या घरांच्या भिंतींवर एक रंगीत छापील कागद असे : धन्य मार्गरेट मेरीला दिलेली बारा वचने. त्यांच्या कुटुंबात मी शांती नांदवीन, माझ्या हृदयाचे चित्र जिथे लावून पूजले जाईल त्या घराला मी आशीर्वाद देईन, अशा आशयाची. वाचणाऱ्याला वाटे की ही यादी तिला दर्शनात मिळाली. तशी यादी तिच्या लेखनात कुठेही नाही. तिच्या वेगवेगळ्या पत्रांत विखुरलेली वाक्ये वेचून, घासूनपुसून नंतरच्या लोकांनी ती तयार केली. आणि १८८२ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डेटन गावच्या फिलिप केंपर या व्यापाऱ्याने ती छापून जगभर वाटली. २३८ भाषांत, असे कॅथलिक लेखनात सांगितले जाते. मठातल्या बाईने घाबरत घाबरत वरिष्ठांना लिहिलेली वाक्ये हमीपत्रासारखी क्रमांक घालून घरोघरी लागली.

हाच कागद जेम्स जॉइसच्या 'डब्लिनर्स' (१९१४) या संग्रहातल्या 'एव्हलिन' या कथेत भिंतीवर आहे. शेजारी एका धर्मगुरूचा पिवळा पडलेला फोटो आणि खाली मोडकी हार्मोनियम. मला हे आडनाव पहिल्यांदा भेटले ते इथे, आणि पहिल्या वाचनात मी ते ओलांडून पुढे गेलो, जसे आपण परक्या कथेतल्या परक्या देवाचे नाव ओलांडतो. कथा अशी : एव्हलिन दुकानात काम करते, दारुड्या बापाचा मार खाण्याच्या भीतीत राहते. आईला मरताना तिने वचन दिले आहे की जमेल तोवर घर एकत्र ठेवीन. फ्रँक नावाचा खलाशी तिला ब्वेनोस आयरेसला न्यायला तयार आहे. शेवटी बंदरावर ती कठडा घट्ट धरून उभी राहते. तिला पाऊल उचलता येत नाही, आणि बोट निघून जाते.

आलाकॉक कोण हे कळल्यावर ही कथा पुन्हा वाचावी. भिंतीवर घराला शांती देण्याची वचने, आणि घरात त्यातले काहीच नाही. भिंतीवरच्या बाईलाही लहानपणी चार वर्षे चालता येत नव्हते. तिने नवस केला, तिचे पाय सुटले आणि आईची इच्छा बाजूला सारून ती घराबाहेर पडली. एव्हलिनही प्रार्थना करते, पण तिचे पाय थिजतात. जॉइसने यातले काहीही समजावून सांगितलेले नाही. त्याने फक्त कागद भिंतीवर टांगला आणि त्यावरचे नाव पूर्ण लिहिले.

पण हाच जॉइस 'युलिसिस'मध्ये (१९२२) ग्रंथालयाच्या प्रकरणात बक मलिगनच्या तोंडून त्या नावाचा पार चोथा करतो. मलिगन आडनावाचा आरंभ बदलतो आणि शेवटचा भाग तसाच ठेवतो. त्या भागाचा इंग्रजीत अर्थ कोंबडा, आणि चावट बोलीत आणखी काय तो वाचकाने समजून घ्यावा. फ्रेंचांनी या नावातून अंडे काढले होते, इंग्रजीने कोंबडा काढला. दोनशे वर्षांनी, वेगळ्या भाषेत, कोटी पुन्हा जिवंत झाली. नावापुढे 'धन्य' लावण्यात जॉइस काळाशी प्रामाणिक आहे : कादंबरी १६ जून १९०४ या एका दिवसात घडते आणि आलाकॉक संत झाली ती १३ मे १९२० रोजी, जोन ऑफ आर्कच्या तीन दिवस आधी. आता हा १६ जून पाहा. आलाकॉकच्या सर्वांत महत्त्वाच्या दर्शनाची परंपरेने मानलेली तारीखही १६ जून, साल १६७५. मोंमार्त्रची पायाभरणी त्याच दिवशी, बरोबर दोनशे वर्षांनी. जॉइसने हा दिवस निवडला तो नोरा बार्नकल त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्याबरोबर फिरायला गेली म्हणून. मी यातून काही सिद्ध करू इच्छीत नाही. जुळून आलेल्या तारखांचा मोह संशोधकाला फार असतो, आणि तो मोह मला झाला एवढे कबूल करतो.

त्याच कादंबरीत ब्लूम दफनभूमीत पवित्र हृदयाचा पुतळा पाहतो आणि मनाशी म्हणतो की हृदय जरा बाजूला कललेले आणि खऱ्या हृदयासारखे लाल हवे. लांबेर्तिनींनी रोममध्ये काढलेली शरीरशास्त्राची शंका अशी एका जाहिरातवाल्याच्या डोक्यात परत येते.

आधुनिक लेखनात आणखी दोन जणांनी तिला साक्षीला बोलावले. विल्यम जेम्सने धार्मिक अनुभवांवरच्या १९०२ सालच्या व्याख्यानग्रंथात तिला भक्तीच्या अतिरेकाचे उदाहरण म्हणून घेतले. त्याचा सवाल व्यवहारी अमेरिकनाचा आहे : या प्रेमाचे फळ काय? वेदना, प्रार्थना, मूर्च्छा, आणि स्वयंपाकघरापासून रुग्णालयापर्यंत कुठल्याही कामाला ती निरुपयोगी. सिमोन द बोव्हारने १९४९ साली 'द्वितीय लिंग'मधल्या गूढवादी स्त्रियांवरच्या प्रकरणात तिच्या आत्मकथनातले रुग्णांच्या वांतीविष्ठेचे किळसवाणे आत्मक्लेश पुढे ठेवले. दोघांचेही म्हणणे खोडता येण्यासारखे नाही. पण जेम्स निरुपयोगी म्हणतो तीच बाई पुढे नवशिक्या भगिनींची शिक्षिका झाली. १६८५ च्या जुलैत त्या मुलींनी तिच्या नावाच्या सणाला शाईने काढलेल्या हृदयाच्या लहानशा चित्रासमोर पूजा मांडली, त्यावर मठात केवढा गहजब झाला, आणि वर्षाभरात विरोध करणाऱ्यांपैकीच एका भगिनीने ते चित्र सर्वांसमोर मांडले. एका बंद घरातली ही बाचाबाची आणि तिचा शेवट जेम्सच्या हिशेबात कुठेच येत नाही.

आपल्या बाजूला हे हृदय आडनाव गळून पोहोचले. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक घरात दर्शनी भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आणि तिच्यासमोर तांबडा दिवा असतो. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी चर्चला जाणारे म्हातारे अजून भेटतात. सांताक्रूझ आणि वरळीची चर्चे याच नावाची आहेत. १९१५ साली कराचीत, तिथल्या गोवेकरांसाठी, निघालेले 'दर म्हयन्याची रोटी' हे कोकणी मासिक याच भक्तीच्या प्रसारासाठी होते. पहिला शुक्रवार कुणी सांगितला असे विचारले तर उत्तर येते, संत मार्गरेट मेरीने. तिचे आडनाव विचारले तर बहुधा कुणाला सांगता येत नाही. आणि सांगता आले तरी मराठीत वा कोकणीत त्यात ना अंडे आहे, ना कोंबडा.

दर्शनांना साडेतीनशे वर्षे झाली म्हणून डिसेंबर २०२३ पासून पारेमध्ये महोत्सव झाला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी पवित्र हृदयावर एक विस्तृत परिपत्र काढले. तिच्या अनुभवाचा प्रत्येक तपशील जसाच्या तसा स्वीकारलाच पाहिजे असे नाही, तिच्या स्वतःच्या इच्छा, चिंता आणि प्रतिमा त्यात मिसळल्या असतील, अशा आशयाचे त्यांनी लिहिले. आज लांबेर्तिनी असते तर त्यांना हे वाक्य आवडले असते.

आत्मकथन तिने आपण होऊन लिहिले नव्हते. १६८५ साली रोलें या जेझुइटांनी तशी आज्ञा केली म्हणून लिहिले, आणि त्यांची बदली झाल्यावर ते अर्धवट सोडले. अठराव्या शतकात छापताना तिच्या ओबडधोबड, धापा टाकत जाणाऱ्या वाक्यांना संपादकांनी इस्त्री केली. मूळ हस्तलिखिताच्या आधाराने मठाने ते छापले तेव्हा एकोणिसावे शतक निम्म्याहून अधिक सरले होते. शेवटच्या आजारात तिने शुश्रूषा करणाऱ्या भगिनीला सांगितले होते की कपाटात एक वही आहे, ती जाळून टाक. भगिनी म्हणाली, त्यापेक्षा कपाटाची किल्ली मठप्रमुखांना द्यावी आणि एवढा त्याग देवासाठी करावा. तिने किल्ली दिली.